जोडीचा आवाज

"रेडिओचं तोंड नाही पाहाव गा, पाठ करून आयकाव," असं चंपतराव एकदा आपल्या जावयाला म्हणाले होते. इतवारीतल्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ असेच तपासले. पॉलिश आणि पितळी पट्टी आधी पाहिली की कान लबाडी करतात, असं त्यांचं मत होतं.

दुकान कधीच बंद झालं. तरी जुन्या रेडिओसाठी कुणी बोलावलं की ते निघत. कुणाला सांगत नसत, पण त्यांना एकच रेडिओ शोधायचा होता. यमुताईंच्या, म्हणजे बायकोच्या, अस्थी घेऊन ते रामटेकला गेले त्या दिवशी सुनेनं, मेघानं, खोलीत जागा व्हावी म्हणून घरचा उभा रेडिओ भंगारवाल्याला दिला होता.

या वेळी बोलावणं धरमपेठेतल्या अश्विनचं होतं. त्याच्या दिवाणखान्यात तसे दोन शेजारी उभे होते. एकाच कंपनीचे, एकाच घडणीचे, कमरेएवढे. एक ठेवायचा होता आणि दुसरा पोकळ करून त्यात बाटल्यांचं कपाट करायचं होतं.

"कोणता चांगला तेवढं सांगा काका. सुतार बाहेर बसून आहे."

"त्याले चहा दे. मले घाई नाही."

चंपतराव पाठ करून बसले. पहिल्यावर नागपूर केंद्राच्या बातम्या मऊ, भरदार लागल्या. दुसरा लागला आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. शब्द नुसते ओरबाडत होते.

"पहिला ठेव. दुसऱ्याचं कोण्या गधड्यानं वाटोळं केलं. बोलून राहिला का भांडून राहिला?"

"मग आमच्या यांच्यासारखाच झाला," अश्विनची बायको प्रीती म्हणाली.

वाटोळं कसं केलं ते पाहावं म्हणून चंपतरावांनी दुसऱ्याचं मागचं फळकट काढलं. आत, खडखड थांबवायला, यमुताईंच्या हिरव्या लुगड्याची पट्टी खोचलेली होती. ती त्यांनीच खोचली होती.

यमुताईंचे कान गेले तेव्हा, शब्द त्यांना नीट कळावेत म्हणून, आवाज मऊ करणारा कंडेन्सर चंपतरावांनी स्वतः तोडला होता. घरातले सगळे कानांवर हात ठेवत. यमुताई तेवढ्या चुलीपाशी बसून म्हणाल्या होत्या, "आता कुठं माणसं बोलून राहिली."

"हा सुताराला देतो न?" अश्विन म्हणाला. "दोन्ही सारखे वाजले असते तर जोडीच ठेवली असती."

मागून घ्यावा, असं चंपतरावांच्या ओठांवर आलं. पण न्यायचा कुठं? खोलीत जागा नव्हती म्हणूनच तर गेला होता. आणि तो गधडा मीच, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"थांब जरा," ते म्हणाले.

त्यांनी पिशवीतून नवा कंडेन्सर काढला, तुटल्या जागी सोल्डर केला, पट्टी होती तशीच राहू दिली आणि फळकट बसवलं.

"आता लाव. आधी कोणता, ते मले सांगू नको."

पुन्हा पाठ करून बसले. एक लागला, बंद झाला. दुसरा लागला. दोन्ही मऊ, दोन्ही भरदार.

"ओळखा काका."

चंपतरावांनी डोळे मिटले. दोन्ही पुन्हा लावायला सांगितले. बराच वेळ ऐकलं. यमुताईंना कळायचा तो आवाज त्या खोलीत कुठेच नव्हता.

"नाही न ओळखू येत? झाली जोडी," अश्विन म्हणाला आणि सुताराला परत पाठवायला बाहेर गेला.

प्रीतीनं चहाचं विचारलं. चंपतरावांनी पिशवीचा बंद आवळला, दाराशी वाकून चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून गेले.