शर्टाचं तिसरं बटण

विजय नगरातल्या एका ऑफिसात मी आठवडाभर ग्राहकांचे फोन घ्यायचे आणि शनिवारी दुपारी फिल्म बनवायच्या क्लासला जायचे. आमचे सर एकच गोष्ट परत परत सांगायचे: माणसाच्या मनातलं त्याच्या तोंडून वदवू नका, हातांतून दाखवा. कॅमेरा स्थिर ठेवा, मध्ये पडू नका. पहिलाच अभ्यास होता तीन मिनिटांची फिल्म, एकही शब्द नसलेली.

मला पप्पा आठवले. आदल्या वर्षी त्यांना लकवा झाला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आजोबा महूला पलटणीत होते, त्यांची शिस्त पप्पांत उतरलेली. रविवारी विहारात वंदनेला जायचं तर इस्त्रीचा पांढरा शर्टच लागायचा. लकव्यानंतर तो आई घालून द्यायची.

त्या रविवारी मी आईला म्हटलं, "आज तू थांब, शर्ट त्यांचा त्यांना घालू दे." पप्पांना विचारलं, "शूट करू?" त्यांनी मान हलवली. पोरीच्या अभ्यासाला मदत होईल, असं वाटलं असेल त्यांना.

खिडकीचा उजेड हातावर येईल असा मी मोबाइल लावला. डाव्या हातानं दोन बटणं लागली. तिसरं लागेना. काजात अर्धं जायचं आणि निसटायचं. कपाळावर घाम आला. एकदा त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला होता. तरी मी उठले नाही. शॉट फार छान चालला होता.

शेवटी आई आत आली आणि तिनं बटण लावलं. "तुला दिखत नव्हतं का गं?"

"दोन मिनट रुकायचं होतं ना, आई."

क्लासमध्ये मी फिल्म दाखवली. मग सर म्हणाले, "वो जो ऊपर देखते हैं, उसको काटना मत." घरी येईपर्यंत मी खुशीत होते. संध्याकाळी पप्पांना लॅपटॉपवर दाखवली. त्यांनी पूर्ण पाहिली आणि डाव्या हातानं लॅपटॉप हळूच मिटला.

पुढच्या रविवारी आई शर्ट घेऊन गेली, तर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर ते विहारात कधीच गेले नाहीत. मी माफी मागितली. त्यांनी ऐकलं, पण माझ्याकडे वळले नाहीत. चार महिन्यांनी दुसरा झटका आला, त्यात गेले.

नंतर सरांचा फोन आला. कुठल्याशा स्पर्धेला ती फिल्म पाठवायची होती. मी आईला विचारलं.

"त्यांना विचारलं होतंस?"

"शूट करायला हो म्हणाले होते."

"आणि लोकांना दाखवायला?"

सरांना मी सांगितलं की फाइल खराब झाली. क्लास पूर्ण केला. नोकरी अजून तीच आहे.