मिठाचं पाणी
कच्ची केळी सोलताना बोटांना चीक लागला, की मला वटार गावातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. वेफर तळताना आई तापल्या तेलात मिठाचं पाणी शिंपडायची. तो चर्र आवाज थेट मागच्या केळीच्या वाडीत जायचा आणि बाबा फावडं टाकून मातीने भरलेल्या पायांनीच ओट्यापाशी हजर व्हायचे. डॉक्टरांनी त्यांचं तळलेलं बंद केलं, तेव्हा आम्ही एअर फ्रायर आणला. “आतलं दिसायला तरी हवं,” म्हणून आईने काच असलेलाच निवडला. पहिल्या दिवशी तिने चकत्या टोपलीत पसरल्या, सवयीने वरून मिठाचं पाणी शिंपडलं आणि मागच्या दाराकडे बघत उभी राहिली. आवाज झालाच नव्हता. वेफर झाले, निवले, तरी दारात कोणी नाही. शेवटी तीच वाडीत गेली. “अहो, वेफर झालेत, या ना!” “केव्हा केलेस? मला कळलंच नाही,” बाबा म्हणाले. दोघं हसत आत आली. आता ती दोघंही नाहीत आणि तो फ्रायर माझ्या नायगावच्या फ्लॅटमध्ये आहे. वेफर छान होतात. इथे दाराबाहेर फक्त लिफ्ट आहे. तरी पाणी शिंपडलं, की माझी मान तिकडे वळते.