मुक्या पट्ट्या आणि उशिरा येणारा सूर

मंगळवारी वर्ग ऐन रंगात असताना बाईंच्या कीबोर्डातून जळका वास आला, बारीक चर्र झालं आणि आवाज जो गेला तो गेलाच. दिवे लागत होते, पट्ट्या खाली-वर होत होत्या, पण सूर म्हणून नाही. भिंतीलगतच्या दांड्याला धरून उभ्या असलेल्या अकरा मुली एकेक पाय हवेत ठेवून बाईंकडे बघत राहिल्या.

बॅले नाच शिकवणाऱ्या त्या मॅडम आणि कोपऱ्यात बसून वाजवणाऱ्या त्या नुसत्या बाई, हा त्या नृत्यशाळेतला तेवीस वर्षांचा रिवाज. बाईंच्या हातात जादू वगैरे नव्हती. मैफलीत बसवलं असतं तर त्यांनी चारचौघांसारखंच वाजवलं असतं. पण एक गोष्ट त्यांच्यासारखी कुणाला जमत नसे. त्या पट्ट्यांकडे न बघता मुलींच्या पायांकडे बघून वाजवत. पाय डगमगला की सूर थांबे, सावरला की पुढे जाई. मुली घरी जाऊन सांगत, आमचा ताल अगदी पक्का आहे. बाई ऐकून गालातल्या गालात हसत.

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं. आवाजाचा भाग जळून खाक झाला होता आणि त्या जातीचा नवा भाग आता कुठे मिळत नव्हता. बाकी यंत्र ठणठणीत होतं, पण त्याचा उपयोग काय?

मॅडम वयाने बाईंच्या लेकीएवढ्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण सदा घोड्यावर बसलेल्या. "बाई, परीक्षा बारा दिवसांवर आलीय. मी रेकॉर्डिंग लावते," त्या म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, पुढेही तेच चालेल."

तो "पुढेही" बाईंच्या जिव्हारी लागला. वेळापत्रकात संगीताच्या रकान्यात "रेकॉर्डिंग" असं छापूनसुद्धा झालं होतं. घरी येऊन त्या घळाघळा रडल्या आणि मग लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावात नोकरीला होती. आपला जुना लॅपटॉप तिने आईकडेच टाकला होता.

"अगं आई, कीबोर्डच्या मागे चौकोनी भोक आहे ना? त्यातून वायर लॅपटॉपला जोड. सूर लॅपटॉप काढेल. कीबोर्डने फक्त सांगायचं."

"काय सांगायचं?"

"कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. बस्स."

"म्हणजे मी वाजवणार आणि हा माझ्या चहाड्या करणार!"

"हो, पण अगदी खऱ्या चहाड्या," लेक हसत म्हणाली.

त्या वायरचं नाव त्या दिवसापासून चहाडखोर पडलं. लेकीने फोनवरूनच प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला, यादीतून कीबोर्ड निवडायला लावला, पियानोचा आवाज लावायला लावला. बाईंनी देवाचं नाव घेऊन एक पट्टी दाबली आणि लॅपटॉपमधून असा भरदार सूर आला की त्या खुर्चीवरून उठल्याच. जुन्या आवाजाची याच्यासमोर काय बिशाद! हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर दणदणीत. बाईंनी तासभर मनसोक्त वाजवलं.

पण मांजर आडवं गेलंच. सूर उशिरा येत होता. फार नाही, पापणी लवेल एवढाच. लेकीला फोनवर तो उशीर कळेना. बाईंना मात्र तो दातात अडकलेल्या काडीसारखा सलत होता. मुलीचा पाय जमिनीवर टेकल्यावर सूर आला तर त्याचा काय उपयोग?

यावर बाईंनी जो उपाय काढला तो पायांकडे बघून वाजवणारं माणूसच काढू जाणे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना सांभाळून घेतलं होतं, आता लॅपटॉपलाही घेतलं. त्या पट्टी तेवढीच आधी दाबू लागल्या. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ घाम गाळला आणि जमवलं की हो! सूर अगदी ठोक्यावर पडू लागला. बाईंची मान ताठ झाली.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बसलेला हा माणूस पाच दिवस नुसता ऐकत होता. सहाव्या दिवशी म्हणाला, "अगं, घड्याळ मागे पडतं म्हणून माणसाने लवकर उठायचं नसतं. घड्याळ नीट करायचं."

"तुम्ही तुमची काटे-चाकं बघा," बाई उखडल्या. पण बोल वर्मी लागला होता. त्यांनी लेकीला पुन्हा गाठलं. लेक म्हणाली की लॅपटॉप आवाज थोडा साठवतो आणि मग सोडतो, त्या साठवणीचा आकडा कमी कर. हजाराच्या वरचा आकडा बाईंनी चौसष्टवर आणला तर आवाज फुटाण्यांसारखा तडतडला. एकशे अठ्ठावीसवर ठेवला आणि सूर बोटाखाली आला, अगदी बोटाखाली.

परीक्षेला तीन दिवस उरले असताना मॅडमनी तालमीत दहा मिनिटं दिली. बाईंनी लॅपटॉप शाळेच्या मोठ्या स्पीकरला जोडला आणि सुरू केलं. दोन मिनिटांत मुलींच्या पायांच्या गाठी झाल्या. लॅपटॉप सुधारला होता, बाईंचा हात नव्हता. पाच दिवस लावलेली सवय काही एका दिवसात सुटते? प्रत्येक सूर पायाच्या आधी धावत होता.

"राहू दे, बाई," मॅडम हळूच म्हणाल्या.

बाई उभ्या राहिल्या. "यंत्र चोख आहे, मॅडम. चूक माझ्या हाताची आहे. परवा पुन्हा बघा आणि मग काय ते ठरवा."

"परवा. पण ते शेवटचं."

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला भिंग काढायला लावलं. "उठा. खुर्चीची पाठ धरा. एक पाय वर."

"माझा?"

"मग काय शेजाऱ्यांचा?"

बासष्ट वर्षांचा घड्याळजी लुंगी खोचून पाय उचलू लागला. पहिल्यांदा वीतभर, मग दोन वीत, मग "आई गं" म्हणत खाली. बाई लॅपटॉपच्या पडद्याकडे पाठ करून फक्त त्या हाडकुळ्या पायांकडे बघत वाजवत होत्या. पाय लटपटला, सूर थांबला. पाय आपटला, सूरही आपटला. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घड्याळजींच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि बाईंचा हात ताळ्यावर आला होता.

तालमीत मॅडमनी आधी रेकॉर्डिंग लावलं. एका पायावर तोल सांभाळायच्या जागी सगळ्यांत धाकटी मुलगी डळमळली. ती सावरेपर्यंत संगीत दोन पावलं पुढे निघून गेलं होतं. ती बिचारी ओठ काढून उभी राहिली. मग बाईंनी वाजवलं. ती पुन्हा डळमळली. बाईंनी पट्ट्या दाबूनच धरल्या. चहाडखोराने इमानदारीत कळवलं की बाईंनी अजून सोडलेलं नाही, आणि स्पीकरमधून सूर घुमत राहिला. मुलीने श्वास घेतला, मान वर केली, तोल सावरला. मग पाय खाली आला, आणि नेमका तेव्हाच पुढचा सूर आला.

मॅडमनी रेकॉर्डिंगचा फोन पर्समध्ये टाकला.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक कागदावर काही लिहीत होत्या. धाकटीची पाळी आली तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं. या वेळी ती डळमळलीच नाही. उलट तोल सापडल्याच्या आनंदात ती शिकवल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ एका पायावर उभी राहिली आणि खुशाल हसू लागली. कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये एवढी जागा नव्हती. बाईंनी ती दिली आणि त्याही हसल्या. अकराच्या अकरा मुली पास झाल्या.

दालन रिकामं झाल्यावर मॅडम भिंतीवरच्या वेळापत्रकापाशी गेल्या. पेनाने त्यांनी संगीताच्या रकान्यातलं "रेकॉर्डिंग" सोमवारपासून शनिवारपर्यंत एकेक करून खोडलं आणि प्रत्येक ठिकाणी "बाई" लिहिलं. मग पेन बंद करून म्हणाल्या, "आणखी काही लागेल का, बाई?"

दुसरं कुणी असतं तर गहिवरून "काही नको" म्हणालं असतं. बाई तेवीस वर्षांत पहिल्यांदाच ताठ बसून म्हणाल्या, "लागेल ना. लॅपटॉपला एक टेबल लागेल. बरं बघून आणा."

मॅडम ऑफिसात गेल्या आणि स्वतःच्या टेबलावरचे कागद जमिनीवर ठेवून ते टेबल दोन्ही हातांनी उचलून घेऊन आल्या.