दोन चुकांचं अंजीर

ग्रीसमधल्या कीमी गावच्या अंजीर वाळवायच्या शेडमध्ये खोक्यांवर नावं लिहिते ती थेक्ला. तिच्या लिहिण्यात चूक सापडायची नाही. पण तिसरीत हीच बया शुद्धलेखनात अशी आपटली होती की विचारू नका.

ग्रीकमध्ये ‘ई’ ऐकू येते एकच, लिहायच्या तऱ्हा मात्र पाच. ‘ओ’च्या दोन. ऱ्हस्व-दीर्घाच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी इथं येऊन बघावं. ‘सीको’ म्हणजे अंजीर आणि ‘सीको’ म्हणजेच ‘ऊठ’. कानाला दोन्ही सारखे, कागदावर मात्र ‘ई’ही वेगळी आणि ‘ओ’ही, दोन अक्षरांचा फरक. वर्गात पोलिक्सेनीबाईंनी लिहायला सांगितलं, “ऊठ, लेफ्तेरी, ऊन वर आलं.” थेक्लानं लिहिलं, “अंजीर, लेफ्तेरी, ऊन वर आलं.” वर्ग खिदळला. थेक्लानं घरी जाहीर केलं, उद्यापासून शाळा बंद. आईनंही नाही म्हटलं नाही, वाळवणाला हात हवेच होते.

दुसऱ्या दिवशी बाई थेट वाळवणावर हजर. थेक्लाशेजारी फतकल मारून बसल्या, एक अंजीर उचललं.

“कानाचं ऐकू नकोस गं, शब्दाच्या नातेवाइकांना विचार. अंजिराची आई कोण? अंजिराचं झाड. त्याची ‘ई’ बघ. ‘ऊठ’चा भाऊ कोण? ‘उचलणं’. त्याची बघ. घराणं वेगळं, ‘ई’ वेगळी.”

पुढं हिवाळाभर शाळा सुटल्यावर बाईंनी तिला बसवून घेतलं. पोरगी शाळेत टिकली, लिहिती झाली. हे उपकार थेक्ला कधी विसरली नाही, आणि कुणाला विसरूही देत नाही.

यंदा बाई पंचाऐंशीच्या. पायरीवर घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, या महिन्यात पायावर उभ्या राहिल्या तर राहिल्या, नाहीतर कायमचं अंथरूण. बाईंनी भिंतीकडं तोंड केलं. माझं झालं आता, म्हणाल्या. थेक्ला रोज सूप घेऊन जायची, विनवायची, चिडायची. बाई हलायला तयार नाहीत. बघून थेक्लाचं काळीज तुटायचं.

शेवटी एका रविवारी तिनं चिठ्ठी लिहायला घेतली. मुद्दाम चुकायला हातच धजेना, तीन कागद फाडावे लागले. चौथा तिनं अंजिरांच्या बशीखाली, बाईंच्या चष्म्याशेजारी ठेवला आणि कॉफी करायला आत गेली.

“थेक्ला, माझी लाल पेन्सिल कुठंय?”

“कपाटात, बाई. वरच्या खणात.”

“आण इकडं.”

“हात ओले आहेत माझे.”

खोलीतून बाईंचं पुटपुटणं ऐकू आलं. मग पलंग करकरला. वॉकर फरशीवर घासला, थांबला, पुन्हा घासला. थेक्ला दाराआड जीव मुठीत धरून उभी राहिली.

डोकावली तेव्हा बाई कपाटाशी उभ्या होत्या. एक हात वॉकरवर, दुसऱ्यात पेन्सिल. सोबत आणलेली चिठ्ठी कपाटाच्या फळीवर टेकवलेली. तिच्यावर होतं, “अंजीर, लेफ्तेरी, ऊन वर आलं.” ‘अंजीर’च्या दोन अक्षरांखाली दोन लाल रेघा.

“दोन चुका,” बाई म्हणाल्या. “मुद्दाम केल्यास, कळतं मला. दहा वेळा लिही.”

थेक्ला तिथंच स्टुलावर बसली आणि डोळे पुसत लिहू लागली. ऊठ, ऊठ, ऊठ. दहावं होईस्तोवर बाई उभ्याच होत्या.