आयलारचा घास

ओगुलगेरेक म्हणजे ‘मुलगा हवा’. चार मुलींच्या पाठीवर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा बापानं वैतागून हे नाव ठेवलं आणि पुढे जन्मभर अंगणातून तेच ओरडत राहिला. मुलगा काही झाला नाही. नाव मात्र बाईला चिकटलं ते चिकटलंच. म्हणून तिला स्वतःला मुलगी झाली, तेव्हा तिनं सासूला ठणकावून सांगितलं, “हिच्या नावातून कुणी काही मागायचं नाही. हिचं नाव आयलार. चंद्रासारखी आहे, बास!”

दाशोगुझ ते अश्गाबात गाडीचा सात नंबरचा डबा बावीस वर्षं ओगुलगेरेककडे होता. चादरी वाटायच्या, चहाच्या पाण्याचा बंब पेटता ठेवायचा, संडास धुवायचा, खालच्या बर्थवरून होणारी भांडणं मिटवायची. सगळे प्रवासी तिला वहिनी म्हणत, सत्तरीचे म्हातारेसुद्धा.

नोकरी नवी होती तेव्हा गाडी जुन्या रुळांवरून जायची आणि मधले चार तास शेजारच्या देशातून जावं लागायचं. हद्द आली की डब्याची दारं कुलूपबंद करायची, आणि ते काम हिचंच. किल्ली हिच्या कमरेला, पण खाली पाय ठेवायची बंदी हिलाही! काचेपलीकडे विहिरीवर एक बाई गाईंना पाणी पाजत असायची. एकदा तिनं हात हलवला, हिनंही हलवला. ओगुलगेरेकनं जन्मात परदेश पाहिला तो एवढाच. पुढे वाळवंटातून नवे रूळ टाकले आणि तीही बाई गेली. आता खिडकीबाहेर वाळू, आणि ती संपली की पुन्हा वाळू.

“मी या नळकांड्यात जन्म काढला,” ती आयलारला म्हणायची, “तू काढलास तर याद राख.”

पोरगी हुशार निघाली. तुर्कस्तानात नर्सिंग शिकायला तिला जागा मिळाली. पासपोर्ट, शिक्के, पत्रं, पुन्हा शिक्के, यात दोन वर्षं गेली. अखेर निघायचा दिवस उजाडला. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यानं तंदूरमधल्या ताज्या रोटीचा एक घास दातांनी तोडायचा, उरलेली रोटी घरच्यांनी टांगून ठेवायची आणि परत आल्यावर त्यानंच ती संपवायची, अशी रीत. आयलारनं धास्तीनं एवढा मोठा घास घेतला की दोन्ही गाल फुगले.

“अगं अधाशी, परत आल्यावर खायला काही ठेव की!” आई हसून म्हणाली.

घरी ती असायची कुठे? म्हणून तिनं रोटी फडक्यात बांधली आणि डब्यातल्या आपल्या चिंचोळ्या खोलीत, बंबाशेजारच्या खिळ्याला टांगली. लेक आईच्याच डब्यातून राजधानीला निघाली.

सकाळी अश्गाबातला निरोप झाला तो डब्याच्या पायरीवरच, कारण डबा सोडून जायची सोय नव्हती. विमान दुपारी एकचं होतं. एकच्या सुमाराला काचा पुसताना डोक्यावरून घरघर आली, आणि या बाईनं हातातलं फडकं आकाशाकडे हलवलं. डोळ्यांतलं पाणी त्याच फडक्यानं पुसलं, सगळं तोंड काळं झालं.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीला प्रवासी चढू लागले, तसं तिला राहवेना. “माझी पोरगी उडाली हो!” प्रत्येकाला सांगायची आणि चहाबरोबर जर्दाळूचा मुरंबा द्यायची.

“आता तुर्की जावई करणार वाटतं, वहिनी!” खरबुजांची पोती घेऊन बसलेले चारी नावाचे एक आजोबा म्हणाले.

“करीन की! तुमच्यासारखा खरबुजवाला नको म्हणजे झालं!”

डबा खदखदून हसला. गाडी सुटायला पाच मिनिटं होती, आणि फलाटावरून आयलार येताना दिसली. तीच बॅग, तोच निळा झगा.

“विमान चुकलं?”

“नाही. विमान उभं होतं.” आयलार डब्याच्या पायरीवरच थांबली. “काचेमागच्या माणसानं पासपोर्ट पाहिला, कॉम्प्युटर पाहिला. म्हणाला, तुम्हाला जाता येणार नाही.”

“का पण?”

“मीही तेच विचारलं. म्हणाला, पुढचे कोण, या.”

ओगुलगेरेकला रडू आलं नाही, संताप आला. पण काढायचा कुणावर? तेवढ्यात शिट्टी झाली. तिनं लेकीला दंडाला धरून आत ओढलं आणि नियमाप्रमाणे दाराला किल्ली लावली. आपणच पोरीला कोंडतोय असं तिला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

चारी आजोबांनी पोती सरकवून जागा केली. “ये बाळ, बस.”

आयलार बसली नाही. तडक आईच्या खोलीत गेली, खिळ्यावरचं फडकं सोडलं आणि रोटी तोंडाला लावली.

“हे काय करतेस?”

“परत आले ना? आता संपवायची असते.” घास गिळता गिळता ती हुंदके देऊ लागली. “मी मोठा घास घेतला म्हणून झालं का गं, आई?”

आईनं रोटी हिसकावून घेतली. “ठेव ती! जाऊन आलेल्यानं खायची असते. तू गेलीस कुठे?” आणि दातांनी गाठ आवळून फडकं पुन्हा खिळ्याला टांगलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. अर्ज आणखी तीनदा केला, तिन्ही वेळा तेच, ‘पुढचे कोण, या.’ गेल्या वर्षी ओगुलगेरेक निवृत्त झाली. सात नंबरचा डबा आयलारकडे आला, आणि कमरेची किल्लीही. लग्न झालेलं नसलं तरी प्रवासी तिलाही वहिनीच म्हणतात. रोटी कडक लाकूड झाली आहे. एखादा नवखा गरम पाणी घ्यायला येतो आणि फडक्याकडे बोट दाखवतो.

“वहिनी, घरचं कुणी बाहेर गेलंय वाटतं? परत कधी येणार?”

“आधी जाऊ दे की तिला,” आयलार म्हणते.