वन्संवरची ओवी

माझ्या लेकीची लेक सांगलीत राहते आणि गाणी करते. स्वतःच लिहायचं, स्वतःच चाल लावायची, गिटार घेऊन स्वतःच म्हणायचं. पाठीशी कंपनी नाही, कुणी नाही. पोटासाठी लग्नांत दुसऱ्यांची गाणी म्हणते. उरल्या वेळात खोलीच्या भिंतींना मी शिवलेल्या वाकळा टांगून मशीनवर आपली गाणी भरते. वाकळांनी म्हणे आवाज घुमत नाही. चार वर्षांत सहा-सात गाणी झाली, ऐकणारे आम्ही घरचे आणि तिच्या मैत्रिणी.

मग ती जतकडं आमच्या गावी आली, माझ्या ओव्या भरून घ्यायला. मला तर एक आठवेना.

"आज्जी, जातं फिरव की," ती म्हणाली.

दळण आता चक्कीवर जातं, तरी बसले. आणि काय सांगू, हात फिरला तशी तोंडातून एकामागून एक ओवी सुटली. त्यातच ही निघाली:

नणंद माझी बाई, कोरड्या हिरीचा रहाट
कुरकुरतो दिवसभर, पाण्याची न्हाई गाठ

नवी नवरी होते तेव्हा जुळवलेली. जात्यावर बाईनं काहीही बोलावं, घरघरीत कुणाला ऐकू जात नसे. तेवढीच तर आमची बोलायची जागा.

पण जिच्यावर जुळवली ती नणंद, माझ्या मालकांची थोरली बहीण, आजही माझ्याच घरात आहे. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आल्या त्या इथल्याच झाल्या. माझी दोन्ही बाळंतपणं वन्संनी काढली. मालक गेल्यापासून तर आम्ही दोघीच. त्या दिवशी त्या शेळ्यांना पाला आणायला गेल्या होत्या, एवढंच नशीब.

नातीनं नेमकी तीच ओवी उचलली. खाली जात्याची घरघर, वर गिटार. आणि हे गाणं चाललं हो! वन्संच्या कानावर मात्र मी ते पडू दिलं नाही. सांगलीत तिचा पहिलाच तिकिटाचा कार्यक्रम ठरला. तिचा फोन आला, "दोघींनी यायचं. म्होरच्या रांगेत."

"येतो. पर तेवढी ओवी गाळ गं बाय."

"आज्जी, तेच तर ध्रुवपद हाय! लोक त्याच्यासाठीच येणार. का गं?"

का ते मला सांगवेना. पोरीचं आत्ता कुठं जमतंय, ते माझ्या तोंडानं कसं मोडू? आणि न मोडावं, तर वन्संना काय तोंड दाखवू?

जायच्या दिवशी वन्सं नवं लुगडं नेसून आधीच उंबऱ्यात.

"आवं वन्सं, लांबचा पल्ला हाय, तुमचं गुडघं..."

"गाडीनं जायचंय, तुझ्या पाठीवर बसून न्हाई. चल!"

वाटेत कवठे महांकाळ मागं पडलं तरी मी परत फिरायचं निमित्त शोधत होते.

कार्यक्रमात नातीनं ती ओवी धरली, तर सगळा हॉल तिच्याबरोबर म्हणायला लागला. टाळ्यांवर टाळ्या! मी मान खाली घालून बसले. वन्सं सरळ समोर बघत होत्या, पापणी हलत नव्हती.

संपल्यावर नात पाया पडायला आली. वन्सं म्हणाल्या, "पोरी, ही ओवी माझ्यावरची हाय."

मी पदर सावरायला लागले.

"जात्याच्या पल्याड मातीची भित होती, आन् तिला लागून माझं आथरूण," त्या माझ्याकडं न बघताच बोलल्या. "मी समदं ऐकायची."

नातीचं तोंड एवढंसं झालं. "मोठी आज्जी, मी गाळते ती."

"गाळू नगंस. पर जात्यावर मीबी बसलेय जल्मभर. मंगळवारी तुजी मशीन घिऊन ये."

परतीच्या वाटेत त्या डोळे मिटून बसल्या. झोपल्या होत्या की नाही, देव जाणे.

मंगळवार उद्या आहे. सकाळपासून वन्सं अंगणात बसून ओठ हलवतायत, मधेच मान डोलावतायत. मी तांब्या घेऊन जवळ गेले की गप्प होतात.