पिवळी छत्री

कॉलेजात तिला सगळे ‘मासोळी’ म्हणायचे. पुढे मासोळी भूल देणारी डॉक्टर झाली, चष्म्याचा नंबर वाढला, मुलं हाताशी आली, पण पाण्याची ओढ काही सुटली नाही. पन्नाशी दिसायला लागली की माणसं गुडघे चोळत बसतात. हिनं सायकल घेतली, पळायचे बूट घेतले आणि पोहणं, सायकल, पळणं असं सगळं एका दमात करायच्या शर्यतीत नाव घातलं.

घात केला तो नेमका पोहण्यानंच. जन्मभर ती पोहली स्विमिंग पूलमध्ये, तळाच्या फरशीवरची काळी रेघ बघत. शर्यत होती तळ्यात, तिथं कसली रेघ? गेल्या वर्षी मान खाली घालून सपासप हात मारत ती थेट बदकांच्या गवतात शिरली. तिथून परत येईपर्यंत वेळ संपली, आणि पोहणं वेळेत न उरकणाऱ्याला सायकलला हातही लावू देत नाहीत.

“मॅडम, यंदा होकायंत्र बांधून जा,” असं ऑपरेशनच्या टेबलापलीकडून सर्जन वर्षभर चिडवत राहिला. यंदाही हुकलं तर सायकल विकून टाकीन, असं ती घरी बोलून बसली. नवऱ्यानं गिऱ्हाईकही बघून ठेवलं.

उपाय सुचवला सासूबाईंनी. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला हिनंच कमरेखाली भूल दिली होती, त्यामुळे बाई टक्क जाग्या होत्या.

“अगं, तो सर्जन खाली मुंडी घालून खटपट करत होता. तू मात्र घडीघडीला मान वर करून त्या ठोके दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत होतीस. मग पाण्यातच काय मान मोडते?”

“बघेन हो आई, पण चष्म्याशिवाय दिसायला नको?”

“माझी पिवळी छत्री कुणालाही दिसेल. पाण्याबाहेर यायचं तिथंच उभी राहते.”

“तुम्ही? फिरा म्हटलं तर सोफ्यावरून हलत नाही!”

“उभी राहते म्हटलं मी. फिरते नाही म्हटलं.”

शर्यतीच्या सकाळी पाण्यातल्या लांबच्या लाल फुग्याला वळसा घालून ती परत फिरली. चार हात मारायचे, मान वर, छत्री. चार हात, छत्री. आपण किती सरळ चाललोय म्हणून स्वतःवरच खूश! काठ जवळ आला, तोच होडीतला माणूस ओरडला, “ओ ताई, तिकडे कुठं? चहा प्यायला निघालात काय?”

तिनं थांबून डोळे बारीक केले. छत्री चहाच्या गाड्यापाशी उभी होती.

“आई!” पेशंटला भुलीतून उठवायचा आवाज तिनं लावला.

छत्री दचकली. हलली. मग चक्क पळायला लागली. या खोलीतून त्या खोलीत जाताना कुरकुरणारा गुडघा माणसांना ढकलत काठाकाठानं बाहेर यायच्या जागेकडे धावत होता, आणि दुसऱ्या हातात चहाचा पेला! हिला हसू आवरेना, नाकातोंडात पाणी गेलं. पण छत्रीमागं हात असे चालले, की कॉलेजातही चालले नसतील.

ती बाहेर आली तेव्हा वेळ संपल्याची शिट्टी पंचाच्या तोंडाशी होती, पण वाजली नव्हती. सासूबाई धापा टाकत होत्या. पेल्यात थेंब नव्हता.

“माझ्याकडे काय बघतेस? सायकल तिकडे आहे!” त्या म्हणाल्या. ती पळाली, तर मागून पुन्हा हाक, “आणि हे बघ, मी धावले ते त्या सर्जनला सांगू नकोस. रोज फिरायला लावेल मेला!”